बैलांचा दलाल प्रभुलिंग आणि त्याचा जुना कम्प्युटर

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली रानातल्या पूजेची अमावस्या, सरली तरी धुकं काही दुबलगुंडी सोडायला तयार नव्हतं. कापून ठेवलेल्या तुरीच्या पेंढ्या रात्रभरच्या दवानं इतक्या भिजायच्या की ऊन वर आल्याशिवाय मळणीयंत्रवालाही पांघरुणातून तोंड बाहेर काढत नव्हता. अशा गारठ्यात गावात दोनच माणसं कामाला लागलेली असायची. एक देवळात घंटी वाजवणारा स्वामी आणि दुसरा बैलांचा दलाल प्रभुलिंग. स्वामीचं काम देवाचं होतं, प्रभुलिंगचं म्हशीचं.

शेण भरून उकिरड्यावर टाकायचं, गोठा झाडायचा, कासेला कोमट पाणी लावायचं आणि धार काढताना म्हशीला शिव्या द्यायच्या, हा त्याचा सकाळचा नेम. जन्मभर बैलांच्या तोंडात हात घालून दात बघितलेल्या या माणसाच्या दारात स्वतःचा बैल एकही नव्हता. हलवायानं मिठाई खाऊ नये, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी मात्र शिव्या नेहमीपेक्षा जास्त होत्या, आणि त्यातल्या निम्म्या म्हशीच्या वाट्याच्या नव्हत्या.

चुलीपाशी भाकरी थापत बसलेल्या सिद्धम्माला ते कळत होतं. ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "अवो, म्हशीला कामून बोलायलाव? ती दूध द्यायली की. जे देत न्हाई त्याला बोला."

जे देत नव्हतं, ते आतल्या खोलीत होतं. किरणकुमारचा कम्प्युटर.

किरणकुमार हा यांचा एकुलता पोरगा. बिदरला इंजिनिअरिंग करताना त्यानं गेम खेळायचा कम्प्युटर जुळवून घेतला होता. एका अंगाला काच, आत लाल-निळे दिवे. नोकरीला बेंगळुरूला गेला तेव्हा तो डबा घरीच ठेवून गेला, आणि जाताना बापाला शेतीचा एक गेम लावून देऊन गेला. कारण बाप रिकामा होता. गावात ट्रॅक्टर झाले, बैल कमी झाले. गुरुवारच्या बाजाराला प्रभुलिंग अजून जायचा, पण बहुतेक गुरुवारी चहा पिऊन आणि चार जणांची टिंगल करून परत यायचा. दुपार त्याला खायला उठायची.

गेममधलं गाव परदेशातलं होतं. काळी सपाट रानं, घराएवढाले ट्रॅक्टर. प्रभुलिंगनं पहिल्याच दिवशी त्यातला मोठा दोष काढला. त्या गावात जनावरांचा बाजार होता, पण बटण दाबलं की गाय दारात. दात बघायचं नाही, शेपूट पिळायचं नाही, चालवून बघायचं नाही, भाव करायचा नाही. हा बाजार नसून रेशनचं दुकान आहे, असं त्यानं पोराला फोनवर सांगितलं. तरी तो त्यात अडकला. कशामुळे अडकला, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. ज्या ट्रॅक्टरनं त्याचा धंदा खाल्ला, त्याच्यावर बसून त्याला हवं तसं पळवायचं, नांगर लावून घाम काढायचा, आणि मन झालं की नेऊन भिंतीवर आपटायचं, हे सुख दुबलगुंडीत दुसरीकडं कुठं मिळणार?

सोमवारी मात्र तो ट्रॅक्टर चालू करत नसे. सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, ही त्याच्या घराची रीत. त्या दिवशी तो गेममध्ये नुसती कोंबड्यांची अंडी गोळा करायचा. किरणकुमार म्हणाला, अप्पा, त्यात बैल कुठं हाय? प्रभुलिंगनं विचारलं, बैल न्हाई म्हणून वार बदलतोय व्हय?

आणि खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-विळ्यांबरोबर कम्प्युटरचीही पूजा व्हायची. काचेवर विभूतीचे तीन पट्टे, वर फूल, खाली लिंबू, आणि मागून जिथं पंखा वारा ओढतो तिथं उदबत्ती. दरवर्षी.

तर येळवशीला पोरगा सुटीवर आला आणि त्यानं त्याच गेमचा नवा अवतार घालून दिला. नव्यात चिखल चिखलासारखा दिसत होता. गव्हाची ओंबी वाऱ्यावर डुलत होती. प्रभुलिंग हरखून गेला. पोरगा गाडीत बसून बेंगळुरूला गेला आणि इकडं कम्प्युटरनं अंग टाकलं. ट्रॅक्टर उचकी लागल्यागत चालायचा, पंखा गिरणीसारखा ओरडायचा, आणि अर्धं रान कापून झालं की पडदा काळा. गव्हाचं पीक उभ्याचं उभं. खरं रान आपलं नाही आणि खोटं रानही हातचं गेलं, असं झालं.

किरणकुमार फोनवर म्हणाला, जुना झाला अप्पा, आता दम न्हाई त्यात, मी नवा मागवतो, घरी येऊन देतील. प्रभुलिंगला ते पटलं नाही. फोटो बघून बैल घेतलेला माणूस त्यानं जन्मात बघितला नव्हता, आणि बघितला असता तर हसला असता. जुन्यालाच काहीतरी लावून चालवावं का सरळ नवा आणावा, या विचारात त्यानं दोन-तीन दिवस म्हशीला शिव्या दिल्या. शेवटी ठरवलं की जनावर आजारी असलं तर आधी वैद्याला दाखवावं. बिदरला मैलूरात कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, पोरगा तिथंच जायचा. न्यायचं कसं, एवढाच प्रश्न होता, आणि तेवढ्यात दारात धनराजचा टेम्पो येऊन थांबला.

इथं धनराजचं सांगायला पाहिजे. गावातलाच, प्रभुलिंगपेक्षा बराच लहान, थोडं रान आणि भाड्याचा टेम्पो यावर चाललेला. त्याच्याकडं बैलांची जोडी होती, नवाब आणि वजीर. नावं त्याच्या आज्ज्याच्या काळापासून ठरलेली. बैल बदलले तरी नावं तीच. दिवाळीनंतर वजीर पोट फुगून मेला आणि नवाब एकटा राहिला. धनराज रीतीप्रमाणे प्रभुलिंगकडं आला, नवाबला एक जोडीदार बघून द्या म्हणाला. आणि प्रभुलिंगनं त्याला खाली बसवून, चहा पाजून, पंचक्रोशीला पाठ असलेलं आपलं वाक्य ऐकवलं.

"जोड मोडायची न्हाई."

म्हणजे काय, तर एकट्या बैलाला नवा गडी आणून जुंपला की नवा पुढं ओढतो, जुना मागं राहतो. जू तिरकं होतं. जुन्याचा खांदा सोलतो, नव्याला वाकडी चाल लागते, आणि एका हंगामात दोन्ही जातात. त्यापेक्षा उरलेला विकायचा आणि तयार जोडी घ्यायची. प्रभुलिंग हे इतक्या कळवळ्यानं सांगायचा की ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यायचं.

यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की, एकट्या बैलाला जोडीदार शोधायचा तर गावोगाव पायपीट आणि दलाली एकदाच. उरलेला विकून जोडी घेतली तर जाणाऱ्याची दलाली वेगळी, येणाऱ्यांची वेगळी. खरं किती आणि धंद्याचं किती, हे प्रभुलिंगनं कधी वेगळं करून बघितलं नव्हतं. दुधात पाणी घातल्यावर कोण वेगळं करून बघतं?

धनराजला ते पटलं होतं, म्हणजे पटवून घेतलं होतं. येत्या गुरुवारी नवाबला बाजारात न्यायचं ठरलं. घेणारं गिऱ्हाईकही प्रभुलिंगनं धरून ठेवलं होतं, आणि भालकीकडची एक तरणी जोडी हेरून ठेवली होती. नवाबला नेणारा माणूस कोण, तो त्याला कुठं नेणार, हे धनराजनं विचारलं नव्हतं आणि प्रभुलिंगनं सांगितलं नव्हतं. धनराजची आई, सुमनबाई, तेव्हापासून रोज नवाबला गुळाचा खडा द्यायची आणि लेकाशी बोलायची नाही.

त्या सकाळी धनराज एवढंच विचारायला आला होता, की गुरुवारी जनावर किती वाजता आणू. त्याला बिदरजवळच्या कोळारच्या गोदामात पोती टाकायला जायचंच होतं. प्रभुलिंग म्हणाला, मैलूरात मला सोड, गुरुवारचं वाटेत बोलू. मग दोघांनी मिळून कम्प्युटर वाकळेत गुंडाळला आणि पोत्यांच्या मधोमध, वासरू बांधतात तसा दाव्यानं बांधला. सिद्धम्मानं दारातून विचारलं, वैरण टाकू का थोडी?

वाटेत गुरुवारचं बोलणं झालंच नाही. धनराज पोत्यांचं भाडं, रस्त्याचे खड्डे असलं काहीबाही बोलत राहिला, आणि प्रभुलिंग दर खड्ड्याला मागं वळून वाकळेकडं बघत राहिला. कोळारला पोती उतरवून दोघं मैलूरात आले. धनराजचं काम संपलं होतं, म्हणून तोही दुकानात येऊन बसला.

दुकान ज्योतीचं होतं. तिशीतली बाई, ओढणी कमरेला खोचलेली, कानामागं पेन्सिल. तिनं आधी दोघांना बसवलं, मग समोरच्या हॉटेलात हात करून चहा सांगितला, आणि मग कम्प्युटरची काच काढून आत हवा मारली.

दुकानात पांढरा ढग उठला. धनराज शिंकला. ज्योतीनं ओढणीनं तोंड झाकलं आणि ढग खाली बसल्यावर बोटानं पंख्यावरची पूड घेऊन वास घेतला.

"अप्पा, ही इभूत हाय व्हय?"

प्रभुलिंगनं कबूल केलं. ज्योती म्हणाली, गिऱ्हाइकांच्या मशिनीत आजवर झुरळं बघितली, एकदा पालीचं पिल्लू बघितलं, पण आतून भस्म फासलेली मशीन पहिल्यांदा बघायले. तिनं सगळं साफ केलं, पंख्याला तेल दिलं, तापणाऱ्या चिपांना मलम लावलं आणि चालू करून बघितलं. ओरडणं कमी झालं. पण ट्रॅक्टरची उचकी गेली नाही. चिखल आला की तो थांबून थांबून चालत होता. तोवर चहा आला. ज्योतीनं स्टूल ओढलं, प्रभुलिंगच्या समोर बसली, आणि आवाज खाली आणून बोलायला लागली.

"देखो अप्पा, तुमचं ग्राफिक कार्ड थकलंय. त्याचं वय झालं."

"मंग नवं टाक."

"टाकते की. पण नवं कार्ड तगडं, ते पुढं पळणार. तुमचा प्रोसेसर जुना, तो मागं राहणार. त्या वढीत हा पॉवरचा डबा जळणार. प्रोसेसर बदलावा तर ह्या बोर्डावर नवा बसत न्हाई. एकाला बदलून उपेग न्हाई अप्पा, दोन्ही जातेत. त्यापेक्षा असं करा, हे जुनं मला देऊन टाका, मी लावते कुठंतरी. आणि तयार पूरा सेट घेऊन जावा."

धनराजच्या हातातला चहाचा कप तोंडाशी जाऊन थांबला.

प्रभुलिंगला वाटलं, बाजारात गर्दीतून कुणीतरी आपल्याच तोंडानं बोलायलंय. तेच शब्द. तोच कळवळा. आधी चहा पाजायचा, मग आवाज खाली आणायचा, हेही तेच. "लावते कुठंतरी" म्हणताना नजर जराशी बाजूला न्यायची, हे तर त्याला स्वतःला जमायला कितीतरी वर्षं लागली होती. पहिल्यांदा त्याला कौतुकच वाटलं. ही पोरगी बैलबाजारात उतरली तर आपल्यासारख्यांना घरी बसवील, असं मनात आलं. मग रागही आला, की आपलंच औषध आपल्यालाच पाजायली.

"म्हंजे तुला दोन्हीकडून," तो म्हणाला.

ज्योती जराही लाजली नाही. "दुकान चालवायले अप्पा, मठ न्हाई."

मग प्रभुलिंगच्या अंगात आलं. तो उठून उभा राहिला. नवं तगडं कार्ड मागितलं कुणी तुला, त्यानं विचारलं. तरणं जनावर म्हाताऱ्यापाशी जुंपलं तर वाटोळं होणारच, त्यात शहाणपण काय सांगायचं? पण म्हणून म्हाताऱ्याला हाकलून का द्यायचं? ह्याच्याच वयाचं, ह्याच्यापेक्षा जरा धट्टंकट्टं, कुणाच्या तरी घरी कमी राबलेलं एखादं कार्ड तुझ्याकडं पडलेलं असेलच की. जुन्याला जुनं जोड. चालीला चाल मिळाली की बास. शोधायचा कंटाळा येतोय म्हणून सगळी जोडीच बदला म्हणून सांगायचं, हा कुठला न्याय?

"ह्याला झालंय काय?" प्रभुलिंगनं आपल्या डब्यावर थाप मारली. "धडधाकट हाय. एकाचा दम गेला म्हणून दुसऱ्याला कामून मोडीत काढायलीस?"

बोलणं इतकं झकास झालं होतं की ज्योतीनं पेन्सिल कानामागून काढून हातात घेतली.  धनराजनं कप हळूच खाली ठेवला.

"अण्णा," तो म्हणाला, "मंग नवाबला काय झालंय?"

प्रभुलिंग खाली बसला.

  त्याला दोन वाटा स्वच्छ दिसत होत्या. इथून नवा सेट उचलायचा, टेम्पोत घालायचा आणि धनराजला म्हणायचं, बघ बाबा, बायको ओरडंल तरी मी स्वतःसुद्धा जोड मोडली न्हाई. मग गावात वाक्य शाबूत, गुरुवारचा बाजार शाबूत, दोन्हीकडची दलाली शाबूत. नाहीतर जुनं कार्ड लावून घ्यायचं, आणि जन्मभराचं वाक्य या मैलूरच्या दुकानात, विभूतीच्या ढिगाऱ्यात टाकून जायचं. धनराजच्या तोंडाला कुलूप नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावात कळणार, आणि ज्यांनी ज्यांनी त्याच्या सांगण्यावरून दावणीचे बैल सोडले होते, ते एकेक करून दारात येणार.

तो म्हणाला, नवा सेट दाव.

ज्योतीनं दावला. खोटं कशाला बोला, नवा सेट देखणा होता. गेम त्यात तेलावरून घसरल्यागत चालला. चिखलात ट्रॅक्टरची चाकं रुतलेली दिसत होती, मागं पाण्याचं डबकं साचत होतं, त्यात आभाळ दिसत होतं. प्रभुलिंगनं एक अख्खं रान कापलं. उचकी नाही, काही नाही. त्याचं मन झालं नाही असं नाही. धनराज पडद्याकडं बघत नव्हता, तो प्रभुलिंगच्या तोंडाकडं बघत होता.

प्रभुलिंगनं माऊस सोडला. त्याचा जुना डबा टेबलाच्या कडेला काच काढून पडला होता, पोट उघडं टाकून.

"हे तू कुठंतरी लावते म्हणालीस," त्यानं विचारलं. "कुठं लावशील?"

ज्योतीनं आधी पहिलंच उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग तिला बहुतेक या म्हाताऱ्याची दया आली, नाहीतर कंटाळा आला.

"कुठं लावणार अप्पा," ती म्हणाली. "कामाचं असंल ते काढून घेते, बाकीचं भंगारात."

धनराज उठून दारात गेला आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. नवाबबद्दल त्यानं जो प्रश्न विचारायचं धाडस केलं नव्हतं, तो प्रभुलिंगनं डब्यासाठी विचारला होता आणि उत्तर दोघांनाही मिळालं होतं.

प्रभुलिंगनं खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, त्यावरची विभूती खाली पाडली, आणि ज्योतीला म्हणाला, जुनं कार्ड काढ.

आता इथं एक घोटाळा झाला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकाचा हात धरून बोटं दाबायची, आजूबाजूच्याला कळू द्यायचं नाही. प्रभुलिंगनं आयुष्यात कुठल्याही सौद्यात रकमेचा उच्चार केला नव्हता. त्यानं सवयीनं टॉवेल पसरला, हात आत घातला, आणि मग ध्यानात आलं की समोर बाई आहे. हात तसाच टॉवेलाखाली राहिला. ना आत धरायला कुणी, ना बाहेर काढवत. धनराज दारातून हे बघत होता आणि ओठ चावत होता. ज्योतीनं क्षणभर बघितलं, ड्रॉवर उघडला आणि टॉवेलाखाली कॅलक्युलेटर सरकवून दिला.

मग सौदा झाला. तो आत बोटानं चाचपून आकडे दाबायचा, ती टॉवेलाचं टोक उचलून बघायची, खोडायची, आपला आकडा दाबायची, आणि दोघं तोंडानं हवापाण्याचं बोलत होती. बिदरला गारठा जास्त का दुबलगुंडीला, यावर त्यांचं एकमत झालं तेव्हा भावही जुळला. कार्ड कुठल्यातरी बँकवाल्याच्या पोरानं वापरून परत केलेलं होतं, वयानं प्रोसेसरच्या बरोबरीचं. त्याच सौद्यात तिनं एक जुनी रॅमची पट्टी घातली.

पण पैसे द्यायच्या आधी प्रभुलिंग म्हणाला, जुंपून दाव. ज्योतीनं कार्ड बसवलं. प्रभुलिंगनं आपला अर्धवट राहिलेला गहू काढला आणि दुपारभर दुकानात बसून कापला. ज्योती दुसरी गिऱ्हाइकं बघत होती, आणि ज्याचा त्याचा पाय या ट्रॅक्टरवाल्या अप्पापाशी अडत होता. चिखल आला तेव्हा ट्रॅक्टर जरा दमला. ज्योतीनं येऊन झाडांच्या सावल्या बंद करून दिल्या. सावल्या गेल्या, ट्रॅक्टर चालला. नव्या सेटसारखा नाही, पण थांबला नाही.

"म्हातारं हाय, जरा दमानं घेतंय," प्रभुलिंग म्हणाला. "पण वढतंय."

परतताना वाकळेतला डबा या वेळी प्रभुलिंगनं मांडीवर घेतला.  बिदर मागं पडल्यावर धनराजनं रस्त्यावरची नजर न काढता, अगदी साळसूदपणे विचारलं.

"अण्णा, गुरुवारी नवाबला किती वाजता आणू?"

"आणू नको."

"आँ? आणि ती भालकीची जोडी?"

"ती ज्याला घ्यायची तो घेईल. तुला डाव्या अंगाला चालणारा एक बैल बघतो. नवाब उजव्याचा हाय. उंचीला बरोबर, वयाला बरोबर, आणि शांत डोक्याचा पाहिजे. येळ लागंल."

"पण तुम्हीच म्हणत होताव की, जोड मोडायची न्हाई म्हणून."

"तेच तर म्हणायलोय," प्रभुलिंग म्हणाला. "जोड मोडायची न्हाई, जुळवायची. तुम्हा लोकांला निम्मंच ऐकू येतंय, त्याला मी काय करू?"

धनराज इतका हसला की टेम्पो रस्त्याच्या कडेला उतरला. प्रभुलिंगनं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्याच्या अख्ख्या खानदानाची चौकशी केली.

गावात कळायला संध्याकाळ लागली नाही. धनराजनं टेम्पो आधी आपल्या दारात नेला, आईला नवाबचं सांगितलं, आणि सुमनबाई कित्येक दिवसांनी लेकाशी बोलली. पहिलं वाक्य शिवीच होतं, पण बोलली. मग तीच पदर खोचून सिद्धम्माकडं आली आणि मैलूरचं सगळं, टॉवेलाखालच्या कॅलक्युलेटरसकट, साखर घालून सांगून गेली. दोन बायका गोठ्याच्या पडवीत इतक्या वेळ हसत होत्या की म्हैस पाणी प्यायची थांबली.

प्रभुलिंगनं तिकडं लक्ष दिलं नाही. कम्प्युटर जागेवर ठेवला, तारा जोडल्या, आणि चालू न करता मोबाइल घेऊन ओट्यावर बसला. ओळखीच्या दलालांना एकेक फोन लावत गेला. डाव्या अंगाचा, दात पुरे झालेला, शांत बैल पाहिजे, एकच. एकच म्हटलं की पलीकडून हसू यायचं. एकानं विचारलं, प्रभुलिंग, बरा हाईस ना? दुसरा म्हणाला, तुझ्या तोंडून एकट्या बैलाचं नाव ऐकायला आज माझा बाप पाहिजे होता. औरादकडचा भीमण्णा अर्ध्या तेलुगूत आणि अर्ध्या कन्नडात पोटभर थट्टा करून शेवटी म्हणाला, इकडं एका म्हाताऱ्याकडं एक आहे, जोडीदार मेल्यापासून नुसता दावणीला उभा आहे, तो विकत नाही म्हणतो, पण जोडी लागणार असेल तर देईल. खांदा मात्र येऊन बघ. उद्याच येतो, असं प्रभुलिंगनं सांगितलं, आणि धनराजला फोन करून सकाळी टेम्पो तयार ठेवायला बजावलं. डिझेल तुझं, दलाली एकच, हेही सांगितलं, आणि त्यात तो जरा अडखळला.

तेवढ्यात वेशीकडून दोघं जण येताना दिसले. दोघांनीही मागच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या सांगण्यावरून एकेकटे बैल विकून नव्या जोड्या घेतल्या होत्या. चालीवरून त्यांना बातमी कळलेली दिसत होती. प्रभुलिंग आत वळला.

सिद्धम्मा दारातच उभी होती. डोळे अजून ओले होते हसून.

"जोड जुळवायची म्हंता आता," ती म्हणाली. "हे कवापासून?"

"पहिल्यापासून."

"व्हय व्हय," ती म्हणाली, आणि पायापाशी ठेवलेल्या ज्वारीच्या डब्याकडं बोट केलं. "लाइट जायच्या आत दळून आणा. सकाळच्या भाकरीला पीठ न्हाई."

प्रभुलिंगनं आतल्या खोलीकडं एकदा बघितलं, एकदा येणाऱ्या दोघांकडं. मग ज्वारीचा डबा खांद्यावर घेतला, मागच्या दारानं बाहेर पडला आणि बोळातून गिरणीकडं चालू लागला.